पायाला रक्त कमी पोचतंय त्यांनी चालायचं कसं: दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला

थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, पाय जड होतो, पुढचं पाऊल टाकवत नाही, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की सगळं नॉर्मल आणि परत तेवढंच अंतर चाललं की परत तेच. हे ज्यांना होतं त्यातले बरेच जण वयाला दोष देतात आणि हळूहळू चालणं कमी करतात, घरातले पण काळजीपोटी म्हणतात की नको चालूस, दुखतंय ना. आणि नेमकं इथेच गणित उलटं आहे. पायाच्या धमन्या अरुंद झाल्यामुळे जे दुखतं त्याच्यावर चालणं हेच औषध आहे, आणि ते पण न दुखेल इतपत चालणं नाही तर दुखेपर्यंत चालणं. पण त्याची एक पद्धत आहे, कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, कधी वाढवायचं, कोणी अजिबात करायचं नाही, हे सगळं ठरलेलं आहे. ते आज नीट सविस्तर लिहितोय. लेख मोठा झालाय पण ज्याच्या पायात हा त्रास आहे त्याने निवांत पूर्ण वाचावा, मधलं गाळू नका.

आधी हे ठरवा की तुमचा त्रास नक्की कुठला आहे

लोक सरसकट म्हणतात पायाचं सर्क्युलेशन खराब आहे. पण पायात रक्त नेणाऱ्या नळ्या वेगळ्या आणि पायातून वर परत आणणाऱ्या नळ्या वेगळ्या. नेणाऱ्या म्हणजे धमन्या, त्यांच्यात चरबीचे थर साचून त्या अरुंद झाल्या की त्याला पेरिफेरल आर्टरी डिसीज म्हणतात, डॉक्टर बोलताना पीएडी म्हणतात. यात चालताना दुखतं, बहुतेक वेळा पोटरीत, कधी मांडीत किंवा कुल्ल्यात, आणि थांबलं की साधारण १० मिनिटांच्या आत जातं. दुखायच्या जागेवरून ब्लॉक कुठे असेल याचा अंदाज पण येतो, पोटरी दुखते तेव्हा बहुधा मांडीतली धमनी, कुल्ला-मांडी दुखते तेव्हा ब्लॉक त्याच्याही वर, पोटाच्या खालच्या भागात.

परत आणणाऱ्या म्हणजे शिरा, व्हेन्स. त्या बिघडल्या की संध्याकाळपर्यंत पाय जड होतात, घोट्याजवळ सूज येते, फुगलेल्या निळसर शिरा दिसतात, आणि पाय वर ठेवून पडलं की बरं वाटतं. चालल्यावर यांना उलट जरा हलकं वाटतं. पीएडीवाल्याला पाय वर ठेवल्यावर त्रास वाढू शकतो, खाली सोडल्यावर बरं वाटतं. म्हणजे दोघांचा सल्ला काही बाबतीत अगदी विरुद्ध आहे, म्हणून शेजाऱ्याला जे लागू पडलं ते तुम्ही करायचं नाही.

तिसरा प्रकार फसवा आहे, मणक्यातली नस दबल्यामुळे चालताना पाय दुखणं. त्यात नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. पीएडीमध्ये उभं राहिलं तरी दुखणं जातं. हा एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी डॉक्टरांना सांगताना खूप उपयोग होतो.

आता हा लेख मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी आहे, शिरांच्या त्रासाबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

चालायला सुरुवात करायच्या आधीची तपासणी

ही पायरी कोणीही गाळायची नाही. एक साधी टेस्ट असते, घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजून त्यांचा भागाकार करतात, त्याला एबीआय म्हणतात. सुई नाही, काही नाही, पडून राहायचं आणि बीपीचा पट्टा (कफ) बांधून छोट्या डॉपलरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने मोजतात. १.०० ते १.४० नॉर्मल, ०.९१ ते ०.९९ काठावर, ०.९० किंवा त्याखाली म्हणजे पीएडी आहे. १.४० च्या वर आला तर खूश व्हायचं कारण नाही, धमन्या इतक्या कडक झाल्यात की कफने दाबल्या जात नाहीत, असं डायबेटिस किंवा किडनीचा जुना आजार असणाऱ्यांत दिसतं, मग त्यांचं पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजावं लागतं. आणि काहींचा एबीआय बसून-पडून नॉर्मल येतो पण चालवल्यावर घसरतो, म्हणून लक्षणं पक्की असतील तर ट्रेडमिलवर चालवून परत मोजतात.

दुसरं म्हणजे हृदय. पायाच्या धमन्यांत थर साचलाय तर हृदयाच्या धमन्यांत पण असण्याची शक्यता चांगलीच असते, आजार एकच आहे, जागा वेगळी. म्हणून डॉक्टरांनी ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट सांगितली तर पाय दुखतोय आणि छाती का तपासताय असं म्हणू नका.

आता कोणी हा व्यायाम सुरू करायचा नाही ते स्पष्ट सांगतो. रात्री पडल्यावर पाय दुखून झोपमोड होते आणि पाय पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटतं, पायावर न भरणारी जखम आहे, बोटं काळी पडायला लागलीत, यातलं काहीही असेल तर ती पुढची स्टेज आहे, तिथे आधी रक्तपुरवठा सुधारायचा इलाज लागतो, चालण्याचं नंतर बघायचं. तसंच आराम करताना छातीत दुखतं, हार्ट फेल्युअर कंट्रोलमध्ये नाही, पायात नुकतीच गुठळी झालीय, अशांनी पण डॉक्टरांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय काही करू नये. आणि पाय अचानक थंडगार, पांढरा, बधिर झाला, हलवता येईना, तर तो व्यायामाचा विषयच नाही, काही तासांत पाय जाऊ शकतो, तडक इमर्जन्सीला जायचं.

दुखेपर्यंत चालून फायदा कसा होतो

हे समजून घेतलं नाही तर माणूस दोन आठवड्यांत सोडून देतो, म्हणून जरा इथे थांबतो. बऱ्याच जणांना वाटतं की चालून चालून ब्लॉक उघडतो. नाही उघडत. ३ महिने मनापासून चाललेल्या माणसाचा एबीआय बहुतेक वेळा होता तेवढाच राहतो आणि तरी तो आधीपेक्षा कितीतरी लांब चालतो. मग बदलतं काय? पोटरीचे स्नायू मिळालेला ऑक्सिजन जास्त चांगला वापरायला शिकतात, पेशींमधली ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया सुधारते, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साईड जास्त सोडायला लागतं त्यामुळे नळी वेळेवर पसरते, चालण्याची ढब सुधारते म्हणजे तेवढ्याच अंतराला कमी ताकद लागते. आजूबाजूच्या बारीक नळ्या थोड्या वाढत असतील, पण सगळं श्रेय त्यांना देण्यात अर्थ नाही.

आणि हे बदल व्हायला स्नायूला रक्त कमी पडल्याचा सिग्नल जावा लागतो. तो सिग्नल म्हणजेच ते दुखणं. दुखायच्या आधीच थांबलात तर सिग्नल गेलाच नाही. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे, ३०५ पेशंट, १२ महिने, घरच्या घरी चालण्याचा प्रोग्राम. एका गटाला पाय दुखेल इतक्या वेगाने चालायला सांगितलं, दुसऱ्याला आरामात, दुखणार नाही असं, तिसऱ्याला काहीच प्रोग्राम नाही. वर्षाने दुखेपर्यंत चालणाऱ्यांचं ६ मिनिटांत चालायचं अंतर तीसेक मीटरने वाढलं, आणि आरामात चालणारे काहीच न करणाऱ्यांपेक्षा पुढे गेले नाहीत. वर्षभर चालून! ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण आपल्याकडे झेपेल तेवढंच करा हा सल्ला सगळे देतात, प्रेमाने देतात, पण या आजारात तो सल्ला माणसाला जागेवरच ठेवतो.

त्या दुखण्याने स्नायूला इजा होत नाही का, असं विचारतात. ज्यांना फक्त चालताना दुखतं आणि थांबल्यावर पूर्ण जातं त्यांच्यात हे ठरवून केलेलं चालणं सुरक्षित आहे हे आता खूप वर्षांच्या अनुभवाने आणि अभ्यासाने कळलंय. रोज चालायला लावून तुलना केलेला पहिला छोटा अभ्यास लार्सन आणि लासेन यांनी १९६६ साली छापला होता, म्हणजे हे काही कालचं फॅड नाही.

पहिला दिवस: आपण कुठे आहोत ते मोजा

सपाट जागा शोधा, जिथे वाहनं नाहीत आणि थोड्या थोड्या अंतरावर बसायला किंवा टेकायला काहीतरी आहे. लांब कॉरिडॉर चालेल, बागेतला ट्रॅक चालेल, ट्रेडमिल असेल तर उत्तम. घड्याळ किंवा फोनचा स्टॉपवॉच घ्या. नेहमीच्या पण जरा चपळ वेगाने चाला आणि दोन आकडे लिहून ठेवा. पहिला, दुखायला सुरुवात किती मिनिटांनी झाली. दुसरा, आता थांबावंच लागेल असं कधी वाटलं. सोबत अंतर मोजता आलं तर ते पण. हे दोन आकडे म्हणजे तुमचा पुढच्या ३ महिन्यांचा आधार आहे, कारण सुधारणा इतकी हळू होते की मनाला कळत नाही, वहीतच कळते.

दुखण्याला नंबर द्यायला शिका. ० म्हणजे काही नाही. १ म्हणजे आत्ता कुठे जाणवायला लागलं. २ म्हणजे बऱ्यापैकी दुखतंय पण मनात दुसरं काही आणून विसरता येतं. ३ म्हणजे जोरात, आता दुसरं काही सुचत नाही. ४ म्हणजे असह्य. आपल्याला २ च्या पुढे जाऊन ३ च्या आसपास थांबायचंय. ४ पर्यंत कधीच नाही. ४ पर्यंत गेलात तर उतरायला फार वेळ लागतो, मग त्या दिवशीचं एकूण चालणंच कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी जायची इच्छा राहत नाही.

रोजचं सेशन, एकेक पायरी

आधी पाय तपासा. मोजे काढून तळवे, बोटांच्या मधली जागा, टाचेच्या भेगा, नखांच्या कडा. तळवा दिसत नसेल तर आरसा खाली धरा किंवा घरातल्या कोणाला बघायला सांगा. बुटाच्या आत हात घालून खडा, सुटलेली शिलाई, दुमडलेलं सोल आहे का बघा. डायबेटिसवाल्यांना हे बारीकसारीक वाटत असेल तर परत सांगतो, ज्या पायाला रक्त कमी आणि जाणीव पण कमी त्या पायावर साधा फोड महिनोन्महिने बरा होत नाही. बूट पुढे रुंद, बोटांना जागा असलेला, टाचेला घट्ट, मोजे बिनशिलाईचे आणि वरचं इलॅस्टिक वळ उठवणारं नको. अनवाणी चालायचं नाही, गवतावर पण नाही.

मग ५ मिनिटं हळू चालत वॉर्म-अप. त्यातच दुखायला लागत असेल तर उभ्याने जागच्या जागी पाय हलवा, घोटे फिरवा, हात हलवा.

आता मुख्य भाग. असा वेग धरा की ३ ते ५ मिनिटांत १ नंबरचं दुखणं सुरू होईल. ट्रेडमिलवर बहुतेकांना ताशी ३.२ किलोमीटर आणि चढ शून्य इथून सुरू करतात, त्यावर त्रासच होईना तर वेग किंवा चढ वाढवायचा, दीड मिनिटातच थांबावं लागत असेल तर वेग कमी करायचा. दुखायला लागलं तरी थांबायचं नाही, चालत राहायचं, २ वर येऊ द्या, त्याच्या थोडं पुढे जाऊ द्या आणि मग थांबा.

थांबणं हा व्यायामाचा भागच आहे, हार नाही. उभे राहा किंवा बसा, दोन्ही चालतं. दुखणं पूर्ण शून्यावर येईपर्यंत थांबायचं, अर्धवट दुखत असताना निघालात तर पुढची फेरी फारच छोटी होते. साधारण २ ते ५ मिनिटं लागतात, कोणाला जास्त. शून्य झालं की परत तोच वेग, परत तेच.

चाल-थांब-चाल असं मिळून सुरुवातीला ३० ते ३५ मिनिटांचं सेशन पुरे. ज्यांना अगदीच कमी चालवतं त्यांनी पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष चालणं १० मिनिटं झालं तरी समाधान मानावं, चार तुकड्यांत झालं तरी ते झालंच. मग दर आठवड्याला साधारण ५ मिनिटं वाढवत ४५ ते ५० मिनिटांपर्यंत न्यायचं. शेवटी ५ मिनिटं हळू चालून थांबायचं, आणि पोटरी ताणायची, भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, २० ते ३० सेकंद धरायचं.

आठवड्यातून किती? कमीत कमी ३ दिवस, आणि कमीत कमी १२ आठवडे. एक दिवसाआड धरलं तर स्नायूला मधे विश्रांती पण मिळते. घरी स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनी ५ दिवसांचं टार्गेट ठेवलेलं बरं, कारण त्यातला एखाद-दुसरा दिवस पाऊस, पाहुणे, कंटाळा यात जातोच.

कधी वाढवायचं

नियम सोपा आहे. ज्या वेगाने तुम्ही ८ ते १० मिनिटं सलग चालू शकता आणि दुखणं २ च्या वर जात नाही, तो वेग आता तुमच्यासाठी सोपा झाला. मग ट्रेडमिलवर चढ १ ते २ टक्क्यांनी वाढवा किंवा वेग थोडा वाढवा, दोन्ही एकदम नको. बाहेर चालत असाल तर चाल जरा चपळ करा किंवा हलका चढाव असलेला रस्ता घ्या. वाढवल्यावर परत ३ ते ५ मिनिटांत दुखायला लागेल, त्याने निराश होऊ नका, तेच तर हवं आहे. मी बघतो की लोक इथे चुकतात, आता न दुखता १० मिनिटं चालतोय म्हणून खूश होऊन तिथेच राहतात आणि मग महिनाभर आकडा हलत नाही.

पहिल्या ३-४ आठवड्यांत फारसा फरक वाटला नाही तर ते नॉर्मल आहे. साधारण ४ ते ८ आठवड्यांत कळायला लागतं, आणि १२ आठवड्यांनी खरा हिशोब. १९९५ साली २१ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दुखणं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी १७९ टक्क्यांनी आणि जास्तीत जास्त चालता येणारं अंतर १२२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं होतं, म्हणजे दुपटीच्या पुढे. आणि सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला, तर जे जवळजवळ पूर्ण दुखेपर्यंत चालले, ज्यांचा व्यायाम चालण्याचाच होता आणि ज्यांनी ६ महिने किंवा जास्त केलं त्यांना. सरासरी म्हणजे प्रत्येकाला तेवढंच मिळेल असं नाही, कोणाला कमी कोणाला जास्त, पण एवढा फरक देणारी गोळी या दुखण्यावर नाही.

जमत असेल तर हे देखरेखीखाली करा. फिजिओथेरपिस्ट किंवा कार्डिॲक रिहॅबचा विभाग असतो तिथे ट्रेडमिलवर आठवड्यातून ३ वेळा, १२ आठवडे, म्हणजे ३६ सेशन असा प्रोग्राम करून घेतात. देखरेखीत केलेल्याचा फायदा नुसतं घरी जाऊन चालत जा एवढं सांगण्यापेक्षा स्पष्टपणे जास्त आहे, कारण दुखायला लागल्यावर अजून थोडं पुढे न्यायला बाजूला कोणीतरी असतं. नाहीच जमलं तर घरी करा पण वही ठेवा, आठवड्याचं टार्गेट आधी लिहा, आणि दर आठवड्याला कोणालातरी आकडे दाखवायचं ठरवून घ्या, मुलगी, मित्र, फिजिओ, कोणीही. नुसता स्टेप मोजणारा बँड घालून फार काही होत नाही, विचारणारं माणूस लागतं.

चालण्याच्या जोडीला काय

आठवड्यातून २ दिवस पायाच्या ताकदीचे व्यायाम. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलून चवड्यावर उभं राहणं, वर जाताना २ सेकंद, खाली येताना ३ सेकंद, ८ ते १२ वेळा, मग विश्रांती, असे २ सेट. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, तेवढेच. एका पायरीवर चढणं-उतरणं, कठडा धरून. याने जिने चढणं सोपं होतं, तोल सुधारतो. पण याला चालण्याच्या ऐवजी समजू नका, लांब चालायचं असेल तर चालावंच लागतं.

गुडघे फारच दुखतात, तोल जातो, किंवा एक पाय गमावलाय, अशांचं काय? त्यांच्यासाठी हाताने फिरवायची सायकल असते, आर्म एर्गोमीटर. ऐकायला विचित्र वाटेल पण हाताच्या या व्यायामाने सुद्धा पीएडीवाल्यांचं चालायचं अंतर वाढल्याचं अभ्यासात दिसलंय, आणि पाय दुखत नाही. बसून चालवायची सायकल पण चालेल, फक्त सायकलवर मांडी जास्त काम करते आणि पोटरी कमी, म्हणून पोटरीवाल्यांना चालण्याइतका फायदा मिळतोच असं नाही.

बर्गर एक्सरसाइज म्हणून एक जुना प्रकार खूप फिरत असतो, पाय उशांवर उंच ठेवायचे, मग पलंगावरून खाली सोडायचे, मग सपाट ठेवायचे, असं आलटून पालटून. शंभरेक वर्षं जुना आहे. माझं सरळ मत सांगतो, चालता येणाऱ्याने यात वेळ घालवू नये, चालण्याइतका भक्कम पुरावा याच्यामागे नाही, आणि रक्तपुरवठा खूपच कमी असलेल्याने पाय उंच धरून ठेवला तर तेवढं रक्त सुद्धा वर चढायला त्रास होतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

या गोष्टी सांभाळा

चालताना छाती, जबडा, डावा हात दुखला, दरदरून घाम आला, चक्कर आली तर लगेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, बसल्यावरही थांबेना तर ॲम्ब्युलन्स. इथे एक बारकावा आहे जो फार कमी जणांना सांगितला जातो. आत्तापर्यंत पाय दुखून तुम्ही आधीच थांबत होता म्हणून हृदयावर ताणच येत नव्हता. महिन्या-दोन महिन्यांनी जेव्हा तुम्ही लांब आणि वेगात चालायला लागता तेव्हा हृदयाचा लपलेला त्रास पहिल्यांदा बाहेर येऊ शकतो. म्हणून प्रोग्राम छान चाललाय त्याच काळात छातीकडे लक्ष जास्त ठेवायचं, कमी नाही.

इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी निघायच्या आधी शुगर बघा, ९०-१०० च्या खाली असेल तर थोडं खाऊन निघा, खिशात साखर ठेवा. बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडीचा आकडा बघून जोर ठरवू नका, तो आकडा गोळीने दाबलेला असतो, दुखण्याच्या नंबरवरच चाला. थंडीत पाय उबदार ठेवा पण गरम पाण्याची पिशवी, हीटर, शेकणं नको, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.

आणि सिगारेट, तंबाखू. यावर गोड बोलण्यात अर्थ नाही, ते चालू ठेवून हा व्यायाम करणं म्हणजे एका हाताने भरून दुसऱ्या हाताने सांडणं. पाय कापायची वेळ येण्याचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत ठळकपणे जास्त असतो. सोडायला औषधं असतात, मदत असते, ती मागा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी, बीपी आणि शुगर यांची औषधं व्यायाम सुरू केला म्हणून बंद करायची नाहीत, ती पायापेक्षा हार्ट अटॅक आणि स्ट्रोक टाळायला आहेत. सिलोस्टॅझॉल नावाची एक गोळी चालायचं अंतर थोडं वाढवते पण हार्ट फेल्युअर असलेल्यांना ती चालत नाही, म्हणून कोणाच्या सांगण्यावरून आणून घेऊ नका.

शिरांचा त्रास असेल तर

इथे दुखेपर्यंत वगैरे काही नाही. पोटरीचा स्नायू आवळला की शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं, म्हणून जितकी पोटरी हलेल तितकं चांगलं. रोज ३० मिनिटं आरामात चालणं, बसल्या जागी दर तासाला घोट्यातून पाऊल वर-खाली २०-३० वेळा, टाचा उचलण्याचा व्यायाम, आणि दिवसातून ३-४ वेळा १५ मिनिटं पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडणं. घोटा आखडलेला असेल तर तो मोकळा करणं फार गरजेचं, कारण घोटा वाकलाच नाही तर पोटरीचा पंप चालतच नाही. घट्ट मोजे म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्स यांना उपयोगी पडतात, पण ते घालण्याआधी एबीआय बघितलेला हवा. धमनीचा त्रास पण असेल आणि तुम्ही घट्ट मोजे चढवलेत तर उरलासुरला रक्तपुरवठा दाबला जाऊन जखमा होऊ शकतात. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, पोटरी दुखते, तर गुठळी असू शकते, तिथे मालिश पण नको आणि व्यायाम पण नको, आधी तपासणी.

१२ आठवड्यांनंतर

पहिल्या दिवशीची टेस्ट त्याच जागी, त्याच बुटात परत करा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडे चांगले वाढलेत तर सोडू नका, कारण बंद केलं की मिळवलेलं काही महिन्यांत ओसरतं, आठवड्यातून ३ दिवस तरी कायम चालू ठेवावं लागतं. नीट करून सुद्धा काही फरक नाही आणि रोजची कामं अडतायत, तर नळी आतून उघडायचा फुगा, स्टेंट किंवा बायपास याबद्दल बोलायची ती योग्य वेळ. पण व्यायाम न करता थेट तिकडे जायची घाई नको असं मला वाटतं. पोटाच्या खालच्या भागातल्या मोठ्या धमनीत ब्लॉक असलेल्या १११ पेशंटचा एक अभ्यास २०१२ साली आला, त्यात ६ महिन्यांनी ट्रेडमिलवर चालायचा जास्तीत जास्त वेळ देखरेखीखालच्या व्यायामाने ५.८ मिनिटांनी वाढला आणि स्टेंटने ३.७ मिनिटांनी. पुढे १८ महिन्यांनी दोन्ही साधारण बरोबरीत आले. आणि ज्यांनी स्टेंट टाकून घेतलाय त्यांनी पण जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून हाच प्रोग्राम सुरू करावा, नळी उघडली तरी इतकी वर्षं कमी वापरलेला पोटरीचा स्नायू आपोआप तयार होत नाही, त्याला चालवूनच तयार करावं लागतं.

डॉक्टरांकडे जाताना वहीत एवढं असू द्या: दुखायला सुरुवात व्हायची वेळ आधी आणि आता, थांबावं लागायची वेळ आधी आणि आता, आठवड्याला किती दिवस झाले, मधे पायाला जखम किंवा छातीत काही झालं का, आणि दुखायची जागा बदलली का. पोटरीऐवजी आता मांडी किंवा कुल्ला दुखतो असं असेल किंवा आधी उजवा दुखायचा आणि आता डावा आधी थांबवतो, तर ते आवर्जून सांगा, त्यावरून पुढे कुठला डॉपलर करायचा ते ठरतं.